अंदाजाचा वकील

बार्बा बार्तुल पत्त्यांत लबाडी करतात. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं त्यांचं कौतुक करायला लागले की कुणी म्हणायला नको, पेरिनाला म्हातारा कळलाच नाही. मला चांगला कळलाय. माझ्याच खानावळीत, माझ्याच खिडकीपाशी रोज सकाळी येऊन बसतात, एका कॉफीवर दुपार करतात आणि खेळताना एक्का मांडीखाली दाबून ठेवतात. पकडले गेले की म्हणतात, "अगं, खाली पडला होता, उचलून ठेवला." चेहऱ्यावरची सुरकुती हलत नाही. असा माणूस, आणि सगळं गाव त्यांना मानानं बार्बा, म्हणजे काका म्हणतं. आणि तरी या पाग बेटावर मी कुणाच्या शब्दावर सगळ्यात जास्त भरवसा ठेवत असेन, तर तो यांच्या. पत्त्यांच्या बाबतीत नव्हे, वाऱ्याच्या.

आमचं गाव बेटाच्या वाईट अंगाला आहे. समोर चिंचोळा समुद्र आणि पलीकडे वेलेबित, उघडाबोडका दगडी डोंगर. इतरांकडे वारा वाहतो, आमच्याकडे तो डोंगरावरून खाली कोसळतो. त्याला आम्ही बूरा म्हणतो, आणि ती बाई आहे यात आमच्यात कुणाला शंका नाही. ती आली की समुद्राचं पाणी उचलून भुकटीसारखं गावावर फेकते. मग खिडक्या पांढऱ्या, गवत खारट आणि माणसं तिरसट. आमच्या मेंढ्या तेच खारट गवत खातात, म्हणून आमच्या चीजला चव आहे असं गिऱ्हाइकांना सांगायचं असतं. हिवाळ्यात ती किती वेळा येते म्हणून विचाराल, तर ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. सगळी गंमत तिथंच आहे.

बार्बा जन्मभर मुख्यभूमीवर जाणाऱ्या बोटीवर दोर बांधायला होते. कप्तान नव्हे, तिकिटवालाही नव्हे, दोरवाला. डाव्या कानानं वारा पिऊन पिऊन तो कान गेला, म्हणून बोलताना ओरडतात. बूरा वाढली की कप्तान केबिनमध्ये चहा घेत बसायचा आणि धक्क्यावर उभ्या माणसांना "आज बोट नाही" हे सांगायची पाळी बार्बांवर यायची. कुणाचं लग्न असायचं, कुणाचं ऑपरेशन, कुणाचं चीज बाजारात जायचं असायचं. सगळे कप्तानाला सोडून यांच्या आईबापांचा उद्धार करायचे. "वारा काय मी सोडलाय?" असं हे म्हणायचे, पण ऐकतो कोण. बायको स्ताना बिचारी गेली, मुलगी ऑस्ट्रेलियात. नोकरी संपली आणि म्हातारा माझ्या खिडकीशी येऊन चिकटला.

आता त्यांच्या वकिलीची गोष्ट. एका हिवाळ्यात सगळ्यांच्या फोनवर हवामान खात्याचा लाल इशारा आला. पिवळा म्हणजे जपून, केशरी म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे घरात बसा. आमचा तोमे मेंढपाळ, त्याच्या मेंढ्या विताहेत, त्यानं बिचाऱ्यानं पोटुशा मेंढ्या हाकत हाकत टेकडीपलीकडे आडोशाला नेल्या. वाटेतच दोन व्याल्या आणि कोकरं गारठून गेली. आणि बूरा? कपडे वाळतील इतपतच आली. दुसऱ्या दिवशी तोमे माझ्या खानावळीत आला तो तापलेल्या तव्यासारखा.

"त्या खात्यातल्या सगळ्यांना दगड बांधून समुद्रात सोडा," तो म्हणाला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला. लांडगा आला रे आला करत बसायचं, आणि पगार घ्यायचा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. फुकटात कुणाला तरी शिव्या घालायला मिळाल्या की मला बरं वाटतं.

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, "फाशी द्यायच्या आधी आरोपीला वकील देतात ना?"

"मग हो की तू," तोमे म्हणाला. "तुला दुसरं काम काय आहे?"

"होतो," बार्बा म्हणाले, आणि झाले.

त्या दिवसापासून आमच्याकडे कोर्ट बसायला लागलं. प्रत्येक बूरेनंतर, आणि प्रत्येक न आलेल्या बूरेनंतरही, सकाळच्या कॉफीला खटला. तोमे फिर्यादी, बार्बा आरोपीचे वकील आणि बाकी जे कोणी फुकट वेळ असलेले, ते न्यायाधीश. तिथं पहिलं भांडण झालं ते यावर की बूरा आली म्हणजे काय. तोमे म्हणे, मेंढी पडली तर आली. शेजारची फिल्का मावशी म्हणे, माझ्या छपरावरचा दगड हलला तर आली. बार्बा म्हणाले, "असं नाही. एकच माप ठरवा, आणि ते आधी ठरवा." शेवटी ठरलं की मुख्यभूमीकडचा पूल सगळ्या गाड्यांना बंद झाला तर मोठी बूरा आली, नाही झाला तर नाही आली. तोमेला ते पटलं नाही, पण दुसरं कुणाचं काही पटण्यासारखं नव्हतं.

मग त्यांनी माझ्याकडून खारवलेल्या माशांच्या तीन रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. बाटल्यांची बुचं माझ्याकडे पोत्यानं पडलेली असतात. सांगितली आणि आली, तर बूच पहिल्या बरणीत. सांगितली आणि आली नाही, तर दुसऱ्या. सांगितलीच नाही आणि आली, तर तिसऱ्या.

"आणि सांगितली नाही आणि आलीही नाही, त्याला?" मी विचारलं.

"त्याला तुझ्याकडे पिंप आहे का?" बार्बा म्हणाले. "असे दिवस सगळ्यात जास्त. पण त्याबद्दल खात्याला आजवर कुणी पेला पाजलाय?"

पहिल्या हिवाळ्यात बार्बांचा अशील सपाटून मार खात होता, असं आम्हांला वाटलं होतं. बुचं मोजली तर उलटंच. दहा लाल इशाऱ्यांतले सात खरे निघाले होते. आमच्या डोक्यात मात्र ते तीनच बसले होते, त्यातही तोमेच्या कोकरांचा एक. पण म्हातारा काही आंधळा वकील नव्हता. बूरा आली पण सांगितलेल्या वेळेला नाही आली, दुपारी म्हणाले आणि पहाटे धडकली, तर त्यावरून तोमे तुटून पडायचा. बार्बा अर्धा तास वाद घालायचे, डोळ्यांत पाणी आणायचे, आणि मग स्वतःच खिशातला चाकू काढून बूच मधोमध कापायचे. अर्ध्या बुचांची चौथी बरणी झाली. ती सगळ्यांत लवकर भरत गेली.

मग म्हणाले, एकट्या खात्याचाच न्याय का? आपल्या खुणांनाही उभं करा पिंजऱ्यात. वेलेबितनं ढगाची टोपी घातली की बूरा येते, ही आमची सगळ्यांत जुनी खूण. तिनं बऱ्यापैकी बुचं मिळवली, पण टोपी दिसेपर्यंत वारा उंबऱ्यात आलेला असतो, मेंढ्या हलवायला वेळच राहत नाही. बूरेच्या आधी दुखणारा फिल्का मावशीचा गुडघा हरला. ती बोलेना झाली तेव्हा बार्बा तिला समजावत होते, "फिल्का, तुझा गुडघा एकही बूरा चुकवत नाही, हे मला मान्य. पण का? तर तो एकही दिवस चुकवत नाही." मावशीनं आठवडाभर माझ्याकडे पाऊल टाकलं नाही, आणि माझं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलं.

एकाच खुणेला मी हात लावू दिला नव्हता. ती माझ्या वडिलांची, योसोंची. बाबांचा शब्द या गावात वाऱ्याच्या बाबतीत शेवटचा होता. ते म्हणायचे, बूरा विषम दिवसच राहते. एक, नाहीतर तीन, नाहीतर पाच, नाहीतर सात. समेवर ती कधी थांबत नाही. तशी ही समजूत सगळ्या किनाऱ्यावरच आहे, पण आमच्या गावात ती योसोंची म्हणून चालते. त्यांचा फोटो माझ्या गल्ल्याच्या वर आहे. "बाबांवर खटला नाही," मी बार्बांना बजावलं होतं. "माझं दुकान, माझा कायदा." आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं ते पुटपुटले. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग तो आठवडा आला.

माझा लोव्रे आणि सून मारियेता, लग्नाला आठ वर्षं झाली. त्यात काय काय सोसलं ते मी इथं सांगत नाही, ते त्या दोघांचं आहे. एवढंच सांगते, की पुलापलीकडच्या झादर शहरातल्या इस्पितळात सोमवारी मुलगी झाली तेव्हा मी खानावळ बंद करून चर्चमध्ये जाऊन बसले आणि मला प्रार्थनेचा एक शब्द आठवला नाही. नुसती रडले. पाळणा तयार होता, भिंतीला रंग दिलेला होता. फक्त त्यांनी पूल ओलांडून घरी यायचं बाकी होतं, आणि नेमकी बूरा सुटली.

पूल बंद झाला. इस्पितळानं गुरुवारी सोडलं, तर पोरं मारियेताच्या मावशीकडे गेली. दोन खोल्या, मावशीची तीन मांजरं, आणि मारियेताला मांजरांनी शिंका येतात. फोनवर ती रडवेली व्हायची. म्हणायची, "आई, मला घरी यायचंय हो. बाकी काही नको."

शुक्रवारी सकाळी मी उठले तर कानाला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. आवाजच नव्हता. बाहेर आले. समुद्र सपाट, वेलेबितचा माथा स्वच्छ, वरून कोवळं ऊन. पूल सगळ्यांना उघडला, अशी बातमी आली. मी हात जोडले, आणि कोकरू भट्टीत घातलं, बटाटे आणि रोजमेरी लावून. खानावळीत आल्या आल्या सांगून टाकलं, "तिसरा दिवस. संपली. आज माझी नात घरी येतेय, दुपारी सगळ्यांनी इथंच जेवायचं."

टाळ्या वाजल्या. तोमेनं तर मला मिठी मारली, मेंढ्यांच्या वासासकट.

बार्बा खिडकीतून म्हणाले, "खात्याचा लाल कायम आहे, म्हणतंय, ही नुसती दम खायला थांबलीये. संध्याकाळी परत येणार, आणि आधीपेक्षा मोठी."

"वकीलसाहेब, आज सुट्टी घ्या की," तोमे म्हणाला.

"बार्बा, बाबांचा नियम आहे," मी म्हटलं. "तीन झाले. आजपर्यंत चुकला नाही."

म्हातारा उठला. कधी उठत नाही तो. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि ओरडला, म्हणजे त्याच्या मते हळू बोलला, "ठीक आहे. मग मला एवढंच सांग पेरिने, आज कितवा दिवस?"

"तिसरा. सांगितलं ना. बुधवारी सकाळी सुरू झाली."

"मंगळवारी रात्री," तोमे म्हणाला. "माझं फाटक मंगळवारी रात्रीच तुटलं. आज चौथा."

"काहीतरीच," फिल्का मावशी म्हणाली. "मंगळवार-बुधवार काय बूरा होती होय? तो नुसता वारा. खरी बूरा गुरुवारी उठली, तेव्हाच माझा दगड पडला. आज दुसरा दिवस."

"म्हणजे तुझ्या हिशोबानं आज संपली," बार्बांनी माझ्याकडे बोट केलं. मग तोमेकडे. "याच्या हिशोबानं चौथा, म्हणजे सम. समेवर ती थांबत नाही, म्हणजे उद्या आहेच. आणि फिल्काच्या हिशोबानंही उद्या आहेच. नियम एकच, तुम्ही तिघं. आता मी कुणाचं ऐकू?"

माझं डोकं फिरलं, खरं सांगते. मी म्हटलं, "बाबांचा नियम कधी चुकला ते सांगा. एकदा तरी."

"कधीच नाही चुकला," बार्बा म्हणाले. "योसो माझा मित्र होता. त्याच्याबरोबर मी इथंच बसायचो. वारा पडला की मग योसो मोजायला बसायचा. मागून. सम आली तर म्हणायचा, पहिली रात्र धरायची नाही. मग कसा चुकेल, पोरी? आज वारा खरा पडलेला नाही अजून. आज पुढून मोजायचंय."

मी बाबांच्या फोटोकडे पाहिलं. मला एकदम आठवलं की हो, बाबा बोटं मोजायचे ते वारा थांबल्यावरच. मला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. लोव्रे.

मी फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा काउंटरवर ठेवला. सांगितलं त्याला, की आम्ही इथं भांडतोय, खातं म्हणतंय संध्याकाळी परत सुटणार.

"माहितीये," लोव्रे म्हणाला. "मी पण वाचलं. संध्याकाळी सहा म्हणताहेत. म्हणून तर विचारतोय, आत्ताच निघू का? बाळाला पाजलं, आवरलं की दीड-दोनला पुलावर. सहाच्या आत चार वेळा येऊन जाईन मी."

माझा जीव भांड्यात पडला. बाबांच्या नियमानं वारा संपलेला, खात्याच्या अंदाजानं संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंनी एकच उत्तर. तोमेही खूश झाला, बार्बांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "ऐकलंस का? तुझा अशीलच बोलवतोय पोरांना. आता तरी कॉफी पाज."

बार्बा हसले नाहीत. फळीवरच्या बरण्यांकडे बघत उभे राहिले. मग चौथी बरणी काढली आणि काउंटरवर उपडी केली. अर्धी बुचं टेबलाखाली, खुर्च्यांखाली घरंगळत गेली. पुष्कळ होती, मलासुद्धा वाटलं नव्हतं एवढी.

"माझा अशील दिवस बरोबर सांगतो," ते म्हणाले. "घड्याळ त्याला नीट वाचता येत नाही."

तोमेनं तोंड उघडलं. इतके हिवाळे तो हेच वदवून घ्यायला धडपडत होता, आणि म्हाताऱ्यानं अर्ध्या बुचासाठीसुद्धा त्याला घाम फोडला होता. "म्हणजे कबूल?" तो म्हणाला.

"कबूल. तो पडलेला ढीग बघ. येणार म्हणाला तर बहुतेक येतेच. सहाला येणार म्हणाला, तर दुपारी येईल नाहीतर मध्यरात्री." मग फोनकडे वाकून ओरडले, "लोव्रे, तुझी चीजची गाडी उंच आहे. पुलावर कुठं आडोसा नाही. दोनला काय होईल ते मला माहीत नाही. खात्यालाही माहीत नाही. ज्याला माहीत आहे असं वाटतं, त्याच्यापासून दूर राहा."

मागून मारियेताचं रडू ऐकू आलं. लोव्रे चिडला होता. "आई, तू सांग. तू म्हणशील तसं."

मला त्या क्षणी काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. मला माझी नात हवी होती. तिला मी अजून पाहिलीही नव्हती, नुसता फोटो. कोकराचा वास सुटला होता. समोर समुद्र इतका शांत होता, की त्यात घराचं प्रतिबिंब दिसत होतं. मी म्हटलं, "थांबा तिथंच. आज निघू नका." आणि फोन ठेवून दिला, कारण आणखी एक शब्द बोलले असते तर "या" म्हणाले असते.

मग मी बार्बांवर उलटले. "आणि नाही आली तर? सहाला सोडा, आलीच नाही तर?"

"तर आज कोकरू तुला गोड लागणार नाही, आणि तू मला शिव्या देशील," ते म्हणाले. "मला सवय आहे." आणि खाली वाकून बुचं गोळा करायला लागले. कंबर धरून, एकेक. कुणीतरी मदतीला गेलं, मी नाही गेले. मी रागावले होते.

दीड वाजला. ऊन छान. तोमे एकदा आभाळाकडे आणि एकदा बार्बांकडे बघत होता. मी भट्टीतून कोकरू काढलं, कापलं, वाढलं. कुणी धड जेवेना. बार्बा जेवले, दोनदा घेतलं. मनात म्हटलं, खा, माझ्या पोरांच्या वाटणीचं खा.

दोन वाजून गेले असतील. फिल्का मावशी दारात उभी होती, ती म्हणाली, "पेरिना, पाणी बघ." पलीकडे वेलेबितच्या पायथ्याशी समुद्र पांढरा झाला होता. नुसती एक रेघ. ती रेघ आमच्याकडे येत होती. आम्ही दार लावलं न लावलं, तेवढ्यात ती घरावर आदळली. भिंतीवरची सगळी भांडी वाजली, बाबांचा फोटो तिरका झाला. वर छपराचं कौल उडालं, मग आणखी एक, मग मी मोजायचं सोडलं. माझ्या जन्मात अशी बूरा मी पाहिलेली नाही.

अडीचच्या सुमाराला तोमेच्या भावाचा फोन आला, तो पुलाच्या पलीकडे राहतो. पुलाच्या तोंडाशी एक मोठा ट्रक आडवा झाला होता. रिकामा. ड्रायव्हर काच फोडून बाहेर आला, हात मोडलाय, पण जिवंत आहे. मागे एक छोटी गाडी कठड्याला टेकली होती, त्यातली माणसं रांगत निघाली. तोमेनं हे सगळं ऐकलं आणि मग आम्हांला सांगितलं. सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

मी जमिनीवर बसले. खुर्ची होती, पण मी जमिनीवर बसले. मारियेता, लोव्रे, चीजची उंच गाडी, मागच्या सीटवर चार दिवसांचं बाळ. दीड-दोनला पुलावर, असं तो म्हणाला होता. बार्बा माझ्या शेजारी आले आणि त्यांनी मला पाण्याचा पेला दिला. त्यातलं अर्धं त्यांनीच आधी पिऊन टाकलं होतं. म्हणजे त्यांनाही खात्री नव्हती. त्यांना खरंच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही एवढंच त्यांनी सांगितलं होतं. एवढं सांगायला माणसाला काय लागतं, ते मला त्या दिवशी कळलं.

बूरा त्यानंतर शनिवारी होती, रविवारी होती, सोमवारी दुपारी पडली. किती दिवस झाले ते कुणी मोजलं नाही. मंगळवारी पोरं आली. लोव्रेनं गाडी इतकी हळू चालवली होती, की मागून आलेल्यांनी हॉर्न वाजवून वाजवून त्याचा जीव खाल्ला. मी नातीला घेतलं. नाव तेरेझा. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, मी काय चीज आहे ते ठरवलं आणि परत झोपली.

बुधवारी कोर्ट बसलं. खचाखच. तोमे उभा राहिला आणि म्हणाला, "फिर्यादीला काही म्हणायचं नाही." असं आजवर झालं नव्हतं. मी म्हटलं, "मग मी सांगते. सांगितली होती, आली. अख्खं बूच टाका पहिल्या बरणीत, आणि वरून मी सगळ्यांना पाजते."

बार्बांनी चाकू काढला.

"बार्बा, नाही," मी म्हटलं. "आज नाही. माझी नात आत झोपलीये ती खात्यामुळं."

"सहा म्हणाले होते. अडीचच्या आधी आली. अर्धं." त्यांनी बूच कापलं. "पेरिने, तुझी नात आत झोपलीये, कारण आपण दरवेळी अर्ध्याला अर्धंच म्हणालो. प्रेमानं अख्खी टाकत गेलो असतो, तर शुक्रवारी मी कुठली बरणी उपडी केली असती? पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाचं बाळ असेल."

मी काउंटरच्या बाहेर आले आणि सगळ्यांसमोर त्यांचे दोन्ही हात धरले. म्हटलं, "बार्बा, तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." अगदी असंच म्हटलं, सरळ. आमच्याकडे असं कुणी बोलत नाही. त्यांची पंचाईत झाली. खोकले. टोपी काढली, परत घातली.

"माझे कसले उपकार," ते म्हणाले. "मी नुसतं ओरडलो. तिकडे कुणीतरी बसलेलं असतं ना, ज्यानं ते लाल केलं. त्यांना कर की फोन. पण आधी वेळ सांग. अडीचच्या आधी, म्हणून सांग. मग आभार."

मी फोन लावला. बराच वेळ वाजला. एका मुलीनं उचलला, आवाज कोवळा आणि दमलेला. मी पाग बेटावरून बोलतेय म्हटल्यावर ती घाईघाईनं म्हणाली, "काकू, तक्रार असेल तर लेखी पाठवावी लागते."

"तक्रार नाही गं," मी म्हटलं. "म्हणजे एक आहे. तुम्ही सहा म्हणाला होता, आमच्याकडे अडीचच्या आधीच आली."

"हो," ती म्हणाली. "माहितीये. सॉरी." मग हळूच, "तो ट्रक... तुमच्यातलं कुणी होतं का पुलावर?"

"असतं," मी म्हटलं. "माझा मुलगा, सून आणि चार दिवसांची नात. तुम्ही लाल लावला नसता तर असती. म्हणून फोन केला." आणि मग मी रिकाम्या हातानं डोळे पुसायला लागले. सगळी खानावळ माझ्याकडे बघत होती.

पलीकडून ती विचारत होती, "काकू? काकू, बाळ घरी पोचलं का?"

मी नुसते डोळेच पुसतेय हे बघून बार्बांनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांनी तो नेमका वाईट कानाला लावला, म्हणून मग दोघांना पुरेल एवढ्या मोठ्यानं ओरडले, "पोचलं, पोचलं. झोपलंय आता."

कुठलं झोपतंय. आतल्या खोलीत तेरेझा दचकून उठली आणि तिनं जो सूर लावला, तो बंदरापर्यंत गेला असेल. मारियेता आतून म्हणाली, "कोण ओरडतंय?" तोमे हसायला लागला. बार्बा फोन हातात धरून ओशाळल्यासारखे उभे राहिले, आणि मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी फोन आतल्या खोलीच्या दाराकडे धरला.

मी परत कानाला लावला तेव्हा ती मुलगी काही बोलत नव्हती. मला वाटलं, फोन कट झाला.

"आहेस का, बाळ?" मी म्हटलं.

"आहे," ती म्हणाली. "ऐकतेय, काकू."